संदेशपारखी

संदेशपारखी, म्हणजे फोनवर आलेला संदेश खरा की खोटा हे पारखणारा, होणे ही बहुधा निवृत्तीनंतर प्राप्त होणारी अवस्था आहे. डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत बहुतेक प्रत्येक सोसायटीत एक पारखी असतो. दोन असल्यास त्यांचे एकमेकांशी बोलणे नसते. उभी हयात पोस्टात, बँकेत किंवा लेखापरीक्षणात गेलेली असते. फोन, चष्मा आणि फोनला भिंग लावण्याची सवय एवढ्या भांडवलावर तो काम सुरू करतो.

तपासणी मजकुरापासून नव्हे, पाठवणाऱ्यापासून सुरू होते. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार बँका, कंपन्या आणि सरकारी खात्यांना ग्राहकांना संदेश पाठवण्यासाठी आपले शीर्षक नोंदवावे लागते. म्हणून खरा संदेश सहसा दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाही. आधी दोन इंग्रजी अक्षरे येतात, पहिले मोबाइल कंपनीचे, दुसरे परिमंडळाचे. मग आडवी रेघ आणि संस्थेची खूण. 2025 पासून शेवटी आणखी एक अक्षर लागते: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. पारखी हे सारे गाडीच्या नंबरप्लेटसारखे वाचतो आणि तरीही भाळत नाही. नोंदलेल्या शीर्षकांचाच गैरवापर होऊ लागल्याने 2023 मध्ये ट्रायला त्यांच्या फेरपडताळणीचा आदेश काढावा लागला, ही माहिती तो लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत सांगून पुरी करतो.

मजकुरात त्याला घाई दिसली की पुरते. 'मागील बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री 9.30 वाजता वीज तोडण्यात येईल, ताबडतोब या अधिकाऱ्याला फोन करा' हा संदेश महाराष्ट्रात घरोघरी येऊन गेला आहे. सरकारी नोकरीत जन्म काढल्यामुळे रात्री साडेनऊला कोणी अधिकारी आपण होऊन कामाला लागतो, हेच त्याच्या बुद्धीला पटत नाही. शेजारची सून घाबरीघुबरी होऊन येते.

"काका, आजच लाइट कापणारेत म्हणे!"

"बिल भरलंय का?"

"भरलंय."

"मग कापू देत."

एवढ्यावर प्रकरण निकालात निघते. नंतर बिलावर छापलेल्या क्रमांकावर खात्री करून घ्यायला तो विसरत नाही, पण ते सुनेला सांगत नाही.

दुव्याची परीक्षा तो दुवा न उघडता करतो. पत्त्याच्या सुरुवातीच्या '//' नंतरची पहिली तिरपी रेघ शोधायची आणि तिच्या डावीकडचे शेवटचे शब्द पाहायचे. वाहतुकीच्या दंडाचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपत नसेल, तर आत 'परिवहन' हा शब्द तीनदा असला तरी उपयोग नाही. बँकांनी 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन'वर न्यावीत, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले, तेव्हा पारख्याला स्वतःचीच सूचना मान्य झाल्याचा आनंद झाला.

खरी रंगत बँकेला फोन लावताना येते. संदेशातला क्रमांक बाजूला ठेवून तो कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक फिरवतो. ही रीत निर्दोष आहे. आपला पिन कोणालाही सांगू नका, असे ध्वनिमुद्रित आवाज बजावतो. पारखी मान डोलावतो. मग सेवा प्रतिनिधी पडताळणीसाठी जन्मतारीख विचारते.

"आधी तुम्ही बँकेच्याच कशावरून, ते सांगा."

"सर, फोन तुम्हीच केलाय."

"म्हणूनच विचारतोय."

दोन्ही बाजू नियमाने बरोबर असल्यामुळे संभाषण पुढे सरकत नाही. अखेर तो शाखेत जातो. तिथला शिपाई त्याला दुरून ओळखतो आणि खुर्ची सरकवतो. बँकेकडून आलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही या वाटेने खऱ्या ठरवून घेतल्या जातात, साधारण चार दिवसांनी. प्राप्तिकराचा परतावा जमा झाल्याचा संदेश मात्र तो कायम खोटा धरतो. सरकार पैसे परत करील, ही कल्पनाच त्याला फसवणुकीची वाटते.

या शास्त्रात एक मोठे भगदाड आहे. पारखी अनोळखी माणसाला तपासतो, ओळखीच्याला नाही. साडूने धाडलेला काढा, मेहुणीने धाडलेली भविष्यवाणी विनाचौकशी पुढच्या गटात जाते. चोरांना हे ठाऊक असल्यासारखे ते एखाद्याच्या फोनचा ताबा घेतात आणि त्याच्याच नावाने नातलगांना लग्नपत्रिका पाठवतात. पत्रिका म्हणजे अ‍ॅप बसवणारी एपीके फाइल असते. ती बसवली की फोन चोराच्या हाती जातो. इथे पारख्याला बहुतेकदा बायको वाचवते. ज्याचे लग्न म्हणून पत्रिका आली, त्याला गेल्या वर्षीच मुलगी झाली, हे तिला पाठ असते.

निकालानंतर तक्रार येते. पैसे गेले असतील तर तत्काळ 1930, नुसता संशय असेल तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरील मार्च 2024 पासूनची 'चक्षू' सोय, निव्वळ जाहिरातीचा उपद्रव असेल तर 1909. हे तीन मार्ग तो सोसायटीच्या पोरांकडून घोकून घेतो. संदेश पुसणे त्याला मंजूर नसते, पुरावा म्हणून सगळे जपले जातात. यथावकाश फोनमधली जागा संपत आल्याची सूचना येते. ती नेमकी कोणी पाठवली, याचा तपास चालू असतो.