चिल्लरपारखी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या बाजारपेठांत सर्रास वावरणारा, तरीही कोणत्याही गॅझेटियरने दखल न घेतलेला एक व्यासंगी वर्ग म्हणजे चिल्लरपारखी होय. इतर प्रवासी एसटीच्या वाहकाकडून सुटे पैसे मोजून घेतात, हा ते तपासून घेतो. पाच रुपयांचे नाणे हाती पडताच तो ते चिमटीत उभे धरून डावीकडून उजवीकडे फिरवतो, कारण भारतीय नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने सुलट असाव्या लागतात आणि मागची बाजू तिरपी आली तर टांकसाळीत साचा फिरला, म्हणजेच ‘डाय रोटेशन’ झाले, असे ठरते. मग सालाखालचे चिन्ह पाहिले जाते: हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा आणि काहीच नसेल तर कोलकात्याचा, एवढे होईतो मागचे प्रवासी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळे झालेले असतात.

टांकसाळीने ज्यावर पांघरूण घालावे तेच त्याला मिरवावेसे वाटते. छाप मध्यापासून सरकलेले ‘ऑफ-सेंटर’ नाणे त्याला प्रिय असतेच. परंतु आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिल्याने पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट छाप उमटते, त्या ‘ब्रॉकेज’चे नुसते नाव निघाले तरी त्याचा चहा निवतो. वास्तविक याच नगरात निजामशाहीत पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांची चकती अनेकदा साच्याहून लहान असे व घाव हाताने बसे, त्यामुळे निम्मा मजकूर कडेबाहेर जाई. त्याचा निकष तेथे लावल्यास निर्दोष नाणेच दुर्मीळ ठरेल. शिर्डीच्या दानपेट्यांतील चिल्लर ठेवायला बँकांना जागा पुरत नाही, ही बातमी वाचून हळहळणारा जिल्ह्यातील बहुधा तो एकटाच, कारण एवढे धन कोणी उलटून पाहत नाही, हे त्याचे खरे दुःख असते.

रंगाच्या बाबतीत मात्र त्याची विद्वत्ता घसरते. पाच रुपयांचे निकेल-ब्रासचे, म्हणजे तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूचे पिवळे नाणे गुलाबी दिसले की, चुकीच्या धातूची चकती छापली गेली, असा सिद्धांत तो मांडतो. ते सराफाच्या काट्यावर नेमके सहा ग्रॅम भरले तरी त्याची श्रद्धा ढळत नाही. आंबटात भिजल्याने पृष्ठभागावरील जस्त झडून तांबे उघडे पडते, हे त्याने वाचलेले असते. देवघरातले ते नाणे ताम्हण-निरांजनाबरोबर चिंचेत घातले होते, हे मात्र पत्नी सांगते, आणि तेही लिलावाचे स्वप्न बरेच रंगल्यावर.

जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा त्या बँकेने 2021 मध्येच दिला आहे. त्याचे कात्रण चिल्लरपारख्याच्या वहीत व्यवस्थित चिकटवलेले असते. ते गुलाबी नाणे किराणा दुकानात पाच रुपयांनाच चालते.