पाटी पाडण्याची शास्त्रोक्त पद्धत

(टॉर्क नुकताच शिकू लागलेल्यांसाठी)

अमृततुल्याच्या दारावरची पाटी वर्षानुवर्षं जागची हलत नाही, कारण ती लावणाऱ्या फिटरने अकरावीचं पुस्तक उघडलेलं नसतं. तुम्ही उघडलंय. तेव्हा पुढील पायऱ्या क्रमाने पाळा.

साहित्य: भिंतीला बिजागरीने जोडलेला २ मीटरचा आडवा, एकसारख्या जाडीचा लोखंडी दांडा, वजन ४० न्यूटन, म्हणजे साधारण ४ किलो. त्याच्या टोकाला १०० न्यूटनची पाटी. त्याच टोकापासून वर भिंतीकडे गेलेली तिरकी तार. तिचा दांड्याशी कोन ३०°. तारेवर ताण किती, हे काढायचं आहे.

पायरी १. आकृती काढू नका. आकृती काढली की बाण काढावे लागतात, आणि बाण काढले की कुठलं बल कुठे लागतंय ते दिसतं. पुष्कळांची पाटी इथेच वाचते.

पायरी २. दांड्याचं वजन विसरा. ते मधोमध, बिजागरीपासून १ मीटरवर लागतं. म्हणजे टॉर्क ४० न्यूटन-मीटर. एवढ्यातेवढ्याला कोण विचारतो!

पायरी ३. टेकू निवडा. तोल साधलेला असला की टॉर्क कुठल्याही बिंदूभोवती मोजता येतो. जाणती मंडळी बिजागरी निवडतात. भिंत दांड्याला किती रेटते, कुठल्या दिशेला, काही ठाऊक नसतं. पण ते बल टेकूतूनच जातं, त्यामुळे त्याची भुजा शून्य आणि कटकट संपते. तुम्ही दांड्याचं टोक निवडा. तिथे तारेचीच भुजा शून्य होते, म्हणजे जे शोधायचं तेच समीकरणातून पसार. पायरी २ मोडणाऱ्यांना ‘बिजागरी २० न्यूटनने वर उचलते’ असं उत्तर मिळेल. ते बरोबर आहे, फक्त कुणी विचारलेलं नाही. मग निमूटपणे बिजागरीकडे परत या.

पायरी ४ (सर्वांत महत्त्वाची). टेकूपासून बल लागतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजेच बलभुजा, हे मनाशी घट्ट धरा. वास्तविक बलभुजा म्हणजे टेकूपासून बलाच्या रेषेवर टाकलेला लंब. इथे तो २ × साइन ३०°, म्हणजे १ मीटर. खुंटा धरून जात्याच्या मध्याकडे कितीही रेटलं तरी जातं फिरत नाही, हे आजीला ठाऊक होतं; पण आजी कुठे परीक्षेला बसली होती? तुम्ही सरळ २ मीटर घ्या.

पायरी ५. आकडेमोड करा. ताण × २ = १०० × २, म्हणून ताण १०० न्यूटन. (आकृती काढणारे ताण × १ = ४० × १ + १०० × २ असं मांडून २४० वर पोचतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.) दीडपट काळजी म्हणून १५० न्यूटन पेलणारी तार आणा.

पायरी ६. एवढं करूनही शंका वाटत असेल, तर पाटी सुबक दिसावी म्हणून तार आडवी करत न्या. कोन १०° झाला की लंब जेमतेम ३५ सेंटिमीटर उरतो आणि ताण ६९० न्यूटनच्या घरात जातो. फिटर तार भिंतीवर उंच नेऊन बांधायचा, ते दिसायला ओबडधोबडच होतं.

पायरी ७. बाजूला व्हा.

तार तुटल्यावर दांडा बिजागरीभोवती झर्रकन खाली फिरेल. टॉर्क म्हणतात तो हाच. थोडे झोके खाऊन तो भिंतीलगत उभा लोंबकळेल. आता नीट बघा. दांड्याच्या आणि पाटीच्या वजनाची रेषा बिजागरीतून जाते आहे, लंब शून्य, टॉर्क शून्य. पक्का तोल साधलेला आहे, आणि तोही तारेशिवाय. आकृतीसुद्धा आयती भिंतीवर तयार आहे. वहीत उतरवून घ्या आणि पायरी १ कडे वळा.