टाकीतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलास

कतारगाम, सुरत

श्रीमंत उरलंसुरलं पेट्रोल, मुक्काम मोटारसायकलची टाकी, यांसी साष्टांग नमस्कार वि. वि.

पुतण्याची मोटारसायकल रेल्वे पार्सलने अमळनेरला धाडायची होती. टाकी रिकामी असल्याशिवाय गाडी घेत नाहीत, म्हणून गल्लीतल्या मेकॅनिकने नळी घालून आपणांस उपसलं, गाडी दोन्ही बाजूंना कलंडवली आणि निर्वाळा दिला, "हवे खाली छे." आपण तेव्हा कार्बोरेटरच्या वाटीत पाय पसरून बसला होतात.

रिकाम्या टाकीला कुणी भीत नाही, आणि हेच आपलं भांडवल. भरल्या टाकीत आपली वाफ इतकी दाट की पेटायला हवाच पुरत नाही. टाकी उपसली, हवा आत शिरली, की आपले दिवस फिरतात. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ झाली की एक ठिणगी पुरे. त्यातून ही वाफ हवेपेक्षा जड. वर उडून जाणं नाही. पार्सल डब्याच्या तळाशी लोळत पडणार.

खरी लाज मला आमच्या कतारगामची वाटते. इथे हिऱ्याच्या पुडीवर सेंटचा हिशेब असतो. सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग, दोन मिलिग्रॅम! एक सेंट घटला तर कारखान्यात चौकशी. आणि आपलं माप काय? "थोडंसंच आहे, काका."

बाकी आपला मान वाहनागणिक बदलतो. रेल्वेत आपणांस मज्जाव. विमानाने गाडी पाठवायची तर टाकी होईल तितकी उपसा. तरी उरलं तर पाव टाकीच्या वर नको. तिथे आपल्या गाडीला संयुक्त राष्ट्रांचा क्रमांकही आहे, ३१६६, धोकादायक मालाच्या नवव्या वर्गातला. सुट्या पेट्रोल इंजिनाचा क्रमांक वेगळा, ३५२८, म्हणजे इंजिन गाडीतून उतरवलं तरी आपलं नातं तुटत नाही. हजिऱ्याहून घोघ्याला जाणाऱ्या फेरीत मात्र आपली चैन! २०२० च्या नोव्हेंबरपासून दिवाळीला आमची निम्मी काठियावाडी गल्ली तिच्यात गाड्या घालून गावी जाते, आणि आपण टाकीतच ऐटीत. पक्षपात म्हणू नका. गाड्यांसाठीच बांधलेल्या डेकवर वारा खेळवायची सोय असते. पार्सल डब्यात गोणपाटात गुंडाळलेल्या गाडीशेजारी कुणाचे आंबे असतात.

आता माझा गुन्हा. उपसलेलं दीड लिटर फुकट कसं घालवायचं? पाण्याच्या बाटलीत भरलं, पिशवीत घातलं, आणि तीच पिशवी घेऊन पुतण्या गाडीत बसायला निघाला. मोटारसायकल नियमात, पेट्रोल बर्थखाली! रेल्वे कायद्याचं कलम १६४ मला फलाटावर आठवलं: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजाराचं काही नाही, पण तीन वर्षं पुतण्याच्या आईला काय सांगणार होतो? पिशवी त्याच्या हातून ओढून घेतली.

तरी पुढच्या वेळी निघताना कृपा करून वाटीतूनही निघावे. नळ्यांतले नातलगही सोबत न्यावेत.

आपला,
एक खानदेशी, सध्या कतारगामकर

ता. क. बाटली घेऊन परत निघालो, तर रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "काका, पेट्रोलनी वास आवे छे." झाकण घट्ट लावलं होतं हो. त्याने बिडी मात्र विझवली नाही, मीच उतरलो.