नऊ वाजून पाच मिनिटं

आमच्या चिपळूणच्या घरात टेलिफोन आला १९९२ साली. अप्पांनी त्यासाठी अर्ज केला होता १९८४ साली. मधल्या आठ वर्षांत माझी मुंज झाली, ताईचं लग्न झालं, परसात लावलेला हापूस धरायला लागला आणि मग एके दिवशी खांबावरून एक काळी तार आमच्या पडवीत उतरली. त्या तारेला अप्पांनी हळदकुंकू वाहिलं होतं असं आई सांगते. अप्पा नाकारत नाहीत.

२००६ साली पुण्याची नोकरी सोडून मी घरी परतलो, भाषांतराची कामं घेऊ लागलो आणि म्हणालो, "याच तारेतून ब्रॉडबँड घेऊ या." अप्पांचा पहिला प्रश्न होता, "आणि फोन?"

"फोनही चालू राहील."

"एकाच तारेतून?"

मी समजावलं. माणसाच्या बोलण्याला तारेतली अगदी खालची, चार किलोहर्ट्झपर्यंतची जागा पुरते. इंटरनेट जातं पंचवीसच्या वरून, थेट अकराशेपर्यंत. म्हणजे तळमजल्यावर आपण आणि माडीवर भाडेकरू. दोघांची गाठ पडू नये म्हणून जिन्यात एक डबी बसवायची, तिला स्प्लिटर म्हणतात. अप्पांना हे पटलं. फक्त भाडेकरू माडीवर ठेवून भाडंही आपणच का भरायचं, ते मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तोवर माझं काम डायल-अपवर चाललं होतं. तो मोडेम आधी कुईकुई करायचा, मग खरखरायचा, मग मान टाकायचा. आणि जिवंत असेल तोवर घरचा फोन एंगेज. त्याच वर्षी देशात कुठेही एसटीडी रुपयाला मिनिट झाली होती. तेव्हापासून डोंबिवलीची आत्या आईला रोज रात्री नऊला फोन करू लागली होती. दोन दिवस फोन लागला नाही तेव्हा तिने शेजाऱ्यांकडे फोन करून घरात सगळे जिवंत आहेत ना, अशी चौकशी केली. ब्रॉडबँडच्या अर्जावर अप्पांनी सही केली ती त्या रात्री.

अर्ज, डिमांड नोट, पैसे, पावती, सगळं आठवड्यात झालं. मग टेलिफोन एक्स्चेंजातले साहेब म्हणाले, "पोर्ट नाही."

एक्स्चेंजात एक यंत्र असतं, त्यात गिऱ्हाइकागणिक एक भोक. तो पोर्ट. आमच्या गावाला आलेली भोकं संपली होती. मी घरी येऊन सांगितलं तर अप्पा म्हणाले, "पोर्ट नाही कसा? गोवळकोट आहे की. तिथे पूर्वी गलबतं लागायची." एकाने ब्रॉडबँड सोडला, दुसऱ्याची बदली झाली की एखादं भोक रिकामं व्हायचं. मी एप्रिलपासून गावातल्या सरकारी नोकरांच्या बदल्यांवर लक्ष ठेवून होतो. जुलैत कुणाची तरी झाली. त्या सद्गृहस्थांचं नाव मला माहीत नाही, पण जिथे असतील तिथे सुखी राहोत.

जुलैतलं चिपळूण. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तो बहुधा याच महिन्यात आमच्या डीपीच्या पेटीत पडतो. लाइनमन इरलं असावं तसा निळा प्लास्टिकचा कागद पांघरून आला. पडवीतली तारेची डबी उघडून त्याने कमरेचा टेस्ट फोन लावला, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं. नाडीपरीक्षा करणारा वैद्य असाच बसतो. "पेअरला ओल आलीय," तो म्हणाला, "पण चालल." मग स्प्लिटर आला, मोडेम आला, मोडेमवर चार दिवे आले. त्यातला डीएसएलचा दिवा आधी लुकलुकतो आणि एक्स्चेंजशी सूत जमलं की स्थिर होतो. तो स्थिर होईपर्यंत आम्ही पाच जण त्याच्याभोवती बसलो होतो. इतक्या एकाग्रतेने आमच्याकडे फक्त सत्यनारायणाचा शिरा शिजताना बसतात, तेही मुलं.

पुढचं काम माझं होतं. १९२.१६८.१.१ या पत्त्यावर जायचं, नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. कुलपाचं नाव तेच किल्लीचं नाव, हे बायकोला फार आवडलं. मग शून्य आणि पस्तीस हे दोन आकडे भरायचे. ते का, हे लाइनमनने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मंत्राचा अर्थ गुरुजींना विचारत नाहीत.

वेग होता २५६ केबीपीएस. हसू नका. सरकारच्या २००४ सालच्या धोरणात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला तेवढाच वेग लागायचा. सेकंदाला बत्तीस किलोबाइट, तेही सगळं नीट असलं तर. आमच्या प्लॅनात रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट, म्हणून मी गजर लावून दोनला उठलो आणि लिनक्सची सातशे एमबीची सीडी उतरवायला घेतली. हिशेब कागदावर केला होता: सहा तासांत होतात पावणेसातशे एमबी. आठच्या ठोक्याला पंचवीस एमबी उरले. हे तीनदा झालं. उबुंटूवाले त्या काळी हीच सीडी टपालाने जगभर फुकट पाठवत असत. चौथ्यांदा गजर लावायच्या आधी पोस्टमन ती देऊन गेला.

पण खरा घोळ निराळाच होता. दिवसभर दिवा स्थिर. रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी तो लुकलुकायला लागायचा आणि इंटरनेट जायचं. साधारण अर्ध्या तासाने आपोआप परत यायचं. रोज. मुंबईच्या कंपनीला माझी भाषांतरं साडेनऊच्या आत पोचवायची असत, आणि इथे फाइल नव्वद टक्क्यांवर जाऊन प्राण सोडायची. जायचा वेग मुळातच कमी. एडीएसएलमधला 'ए' असमानतेचा. येणारं भरपूर, जाणारं थोडं. आत्याच्या फोनसारखं. तिकडून अर्धा तास येतं आणि इकडून आई फक्त "अगं बाई" आणि "हो का" पाठवते.

संशय अर्थातच आत्यावर गेला. पण आईच्या फोनला स्प्लिटर होता. मी स्वतः दुपारी मोबाइलवरून घरी फोन करून पाहिला, आईशी दहा मिनिटं बोललो, दिवा हलला नाही. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्ही एक्स्चेंजपासून साडेतीन किलोमीटर. सिग्नल दमतो." दमतो तर रोज नऊ पाचलाच कसा दमतो, यावर ते म्हणाले, संध्याकाळी लोड असतो. बायको म्हणाली, शेजारचे मोटर लावतात. अप्पा म्हणाले, पाऊस. पाऊस नव्हता त्या दिवशी अप्पा म्हणाले, दव.

तक्रार नोंदवली. चौथ्या तक्रारीला लाइनमन आला, तोही रात्री साडेआठला, ड्युटी संपवून, स्वतःहून. खात्यातली माणसं अशीही असतात. त्याने चहा घेतला आणि पडवीत डबीपाशी मुक्काम ठोकला. नवाला आत्याचा फोन आला. आई बोलायला लागली. दिवा स्थिर. नऊ पाच झाले, दिवा लुकलुकला. लाइनमनने डबीचं झाकण काढून बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाला, "भाऊ, हितं स्क्रूखाली दोन जोड हायत. एक गेला स्प्लिटरला. ही दुसरी तार खंयची?"

पांढरी, बारीक, भिंतीच्याच रंगात रंगवलेली तार होती. आम्ही तिचा माग काढत निघालो. ती कालनिर्णयच्या मागून गेली, गजाननाच्या तसबिरीमागून गेली, माजघराच्या दारावरून वळली आणि अप्पांच्या खोलीत शिरली. आम्हीही शिरलो. खोलीत दिवा नव्हता. अप्पा पलंगावर, पांघरूण डोक्यावरून घेतलेलं, आणि पांघरुणात ते तोंडावर हात ठेवून फोन कानाला लावून बसलेले.

पॅरलल! पूर्वी खात्याला न कळवता घरात असा दुसरा फोन जोडणं म्हणजे गुन्हाच होता, म्हणून त्याची घंटाही त्यांनी बंद करून टाकली होती. मी पुण्यात असताना कधीतरी हे झालं होतं. त्या फोनला ना स्प्लिटर, ना फिल्टर. तो उचलला की थेट माडीवरच्या भाडेकरूच्या उरावर. आई "हॅलो वन्सं" म्हणाली की पाच मिनिटं थांबून, गप्पा मुद्द्यावर आल्या की अप्पा उचलत.

लाइनमनने पहिल्यांदा भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे. "मला काय दिसलं नाय," तो म्हणाला. "याला एक फिल्टर लावा म्हंजे झालं." आणि दुसरा चहा न घेता निघून गेला.

अप्पांनी त्याच रात्री आईला आपलं स्पष्टीकरण दिलं. आपली सख्खी बहीण आपल्याबद्दल काय बोलते, हे ऐकायचा आपल्याला हक्क आहे, असं ते होतं. आई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून फिल्टर आणला. काड्यापेटीएवढी पांढरी डबी. लावायला निघालो तर आई मधे उभी. तोपर्यंत तिने मोडेम माझ्या टेबलावरून उचलून फोनच्या शेजारी, आपल्याला दिसेलसा मांडून ठेवला होता. त्या रात्री नऊ पाचला दिवा लुकलुकला. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "थांबा हं वन्सं, हे आलेत." मग तिने घरखर्चाला वाढवून किती पैसे हवेत, ते आत्याला आकड्यांसकट सांगितलं.

एक तारखेला ते मिळाले. मी भाषांतरं साडेआठला पाठवू लागलो. फिल्टर पन्नास रुपयांचा होता. आईने तो कधीच लावू दिला नाही.