माणशी सव्वा चौरस मीटर

शहरात हिरवाई असली की हवा निवते, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, माणसाचा रक्तदाबही उतरतो, असं तज्ज्ञ सांगतात. मुंबईकराच्या वाट्याला ही मोकळी जागा माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास आली आहे. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत दहा ते बारा लिहिलेत. दिल्लीकरांनी लोकलमधली चौथी सीट पाहिलेली नसावी.

आमच्या जवळच्या उद्यानाला भर दुपारी कुलूप असतं. सावली तेव्हाच लागते, हा लोकांचा गैरसमज. पार्सल पोचवणारी पोरं बाहेर फुटपाथवर, भिंतीपलीकडून डोकावणाऱ्या फांदीखाली टेकायची. पावसाळ्याआधीच्या छाटणीत ती फांदी गेली. अतिक्रमणच होतं ते.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं म्हणणाऱ्यांनी आरे आठवावं. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हटलं, तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. आता आणखी तोडणार नाही, अशी ग्वाही सरकारने लगेच देऊन टाकली. द्यायला काय जातंय! खड्डे बुजवायचं कंत्राट या करवतीवाल्यांनाच का देत नाहीत, कळत नाही.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपं लावतात म्हणे. रोप वीतभर, पिंजऱ्यावर माननीयांच्या नावाची पाटी हातभर. उन्हाळ्यात रोप वाळतं. पाटीने मात्र मूळ धरलेलं असतं; निवडणूक जवळ आली की तिला नवा रंगही फुटतो.

उरल्यासुरल्या जुन्या झाडांची बडदास्त निराळीच. रस्त्याकडेच्या एका पिंपळाच्या बुंध्यावर मूळव्याधीवरच्या हमखास इलाजाची पाटी ठोकली आहे. मुळांभोवती गच्च काँक्रीट ओतलेलं बघता ती झाडालाच उद्देशून असावी. वर सुशोभीकरण म्हणून खोडाला दिव्यांच्या माळा गुंडाळल्यात. रात्रभर निळा-जांभळा लखलखाट, त्यामुळे वरच्या कावळ्यांना झोप नाही. त्यांनी वॉर्ड ऑफिसात तक्रार केली असती. पण तिथे आधी वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि घरटं पडलं १ जानेवारी २०११ नंतरचं.