सुई पाठीत, गोळा पोटात

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरात कुणाला कंबरदुखीसाठी पाठीच्या कण्यात इंजेक्शन द्यायचं ठरलं, की आधी नातेवाइकांची सभा भरते. धनुर्वाताच्या सुईलाही डोळे मिटणारे काका "कण्यात सुई? मग पाय गेलेच म्हणून समजा!" असं छातीठोकपणे सांगतात. सुरेल गळ्यासाठी चघळायला तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला तरी आहे; कंबरेसाठी शहराने काहीच राखून ठेवलेलं नाही.

पोटात गोळा येतो तो या सभेतच, दवाखान्यात नव्हे.

खरं तर धास्ती घ्यायचा मान जर्मनीच्या आउगुस्ट बिअर यांचा. १८९८ साली त्यांनी मणक्यातली भूल स्वतःवर आणि साहाय्यकावर करून पाहिली. साहाय्यकाच्या नडगीवर हातोडा हाणला, तरी गडी ढिम्म! नंतर मात्र दोघेही डोकेदुखीने बेजार झाले. १९०१मध्ये पॅरिसमध्ये माकडहाडाजवळच्या फटीतून कण्यात औषध सोडणं सुरू झालं.

आज रुग्णाला पालथं झोपवतात, आधी त्वचा बधिर करतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई सरकवतात. ती मज्जारज्जूत नव्हे, त्याच्या आवरणाबाहेरच्या जागेत जाते. काम बहुधा अर्ध्या तासात उरकतं. काकांचं व्याख्यान त्याहून लांबतं. गुण प्रत्येकाला येतोच असं नाही, हेही खरं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. इंजेक्शनमधल्या स्टेरॉइडने रक्तातली साखर काही दिवस चढते. तेवढे दिवस बहादुरा मिठाईवाल्याचे लाडू काकांनाच खाऊ द्या.