हुकमी इंग्रजी

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून एसटी स्टँडवरच्या बुकस्टॉलवर ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ छापाची पुस्तकं लटकत आली आहेत. एखादं उघडून पाहा. ‘पाणी आण’, ‘दार लाव’, ‘उद्या लवकर ये’. पानंच्या पानं हुकूम! विकत घेणारा बिचारा कारकुनाच्या मुलाखतीला निघालेला. त्याला हुकूम सोडायचे नसतात, झेलायचे असतात. नेमकं ते पान पुस्तकात नाही.

मग शिकलेले हुकूम घरातच खपवावे लागतात. मोत्याला भाकरीचा तुकडा टाकायचा, पण आधी ‘सिट’ म्हणून. पाहुणे आले की दोन वर्षांच्या चिंटूची तोंडी परीक्षा: ‘अंकलना नोज दाखव. आता इअर.’ नाक सापडलं की आईचा ऊर भरून येतो. कानाऐवजी डोळा दाखवला की ‘आज झोप झाली नाहीये त्याची’ अशी सारवासारव. रात्री पोट दुखलं की मात्र चिंटू अस्सल मराठीत भोकाड पसरतो आणि सगळी फाडफाड मंडळी ओव्याचा डबा शोधत सुटतात.

बँकेचा इंग्रजी फॉर्म अजूनही शेजारचे काकाच भरून देतात.